आधी छोटी बाटली भरा

गेल्या शनिवारी एका स्नेह्यांकडे जेवायला गेलो होतो. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी आणि सोबत नाशिकची शिराझ ही रेड वाईन. आम्ही पाचजण. दुसरी बाटली उघडली आणि थोड्याच वेळात पानं उठली. निम्मी बाटली उरली. मग यजमान ती घेऊन प्रत्येकापाशी फिरू लागले. "संपवा हो, उघडलेली आहे, उद्या फुकट जाईल." ज्यांनी पेल्यावर हात आडवा धरला, त्यांनाही आग्रह झाला. शेवटी कुणीच घेईना, तेव्हा ती मोरीत ओतली गेली.

ते दृश्य आठवडाभर डोळ्यांसमोरून हललं नाही. नाशिकजवळच्या दिंडोरीच्या बाजूला, द्राक्षांच्या मळ्यांत मी फेब्रुवारीत पुष्कळदा जातो. वाईनचं द्राक्ष आपल्या खायच्या द्राक्षासारखं टपोरं नसतं. लहान मणी, जाड साल, आत बिया. रेड वाईनचा रंग या सालीतून येतो, आणि तुरटपणाही बराचसा तिच्यातूनच. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरल्यावरची फळछाटणी आणि मग जानेवारी ते मार्च तोडणी. शेतकऱ्याच्या एवढ्या वर्षभराच्या कष्टाचं पाणी मोरीत जावं, याचा मला राग येतो. बाटली हजाराच्या आतली होती म्हणून तो राग कमी होत नाही. स्वस्त तांदूळही आपण उकिरड्यावर टाकत नाही.

आता वाईन बिघडते कशी, ते थोडक्यात. बाटलीत ७५० मिली वाईन असते, म्हणजे बेताचे पाच पेले. उघडल्यावर हवेतला प्राणवायू आधी तिचा वास खुलवतो, नंतर तोच तिला बेचव करतो. हवा मिळत राहिली की काही जिवाणू मद्यार्काचं व्हिनेगर करतात. लुई पाश्चरने १८६६ साली वाईनवर अख्खा ग्रंथ लिहिला, त्यात हवेच्या आणि जंतूंच्या या कामाचा अभ्यास आहे. दोन गोष्टींनी हे सारं मंदावतं : हवा कमी आणि गारवा जास्त.

हे समजायला मला पाश्चरची गरज पडली नव्हती. आमच्या आत्याच्या माजघरात कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी असायची. फोडी तेलाखाली बुडालेल्या, वर तेलाचा थर, तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा घट्ट बांधलेला. त्या बरणीला रोज हात लावायची कुणाला मुभा नव्हती. आत्या आठवड्यापुरतं लोणचं कोरड्या पळीने छोट्या बरणीत काढायची आणि मोठी पुन्हा बांधून ठेवायची. पुढच्या वर्षीची कैरी येईपर्यंत लोणचं जसंच्या तसं राहायचं. हवेला जागा देऊ नये, हा धडा तिथेच मिळाला. आपल्या घराघरांत हे शहाणपण आहे. वाईनची बाटली दिसली की ते आपण का विसरतो, हे मला कळत नाही.

माझ्या घरी आत्याचीच रीत चालते, फक्त उलटी. ३७५ मिलीची एक रिकामी बाटली गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून ठेवलेली असते. मोठी बाटली उघडली की पहिला पेला भरण्याआधीच ही छोटी काठोकाठ भरायची, फिरकीचं झाकण घट्ट लावायचं आणि फ्रीजमध्ये उभी ठेवायची. आत हवेला वावच उरत नाही. अशी वाईन चार-पाच दिवस चांगली राहते. छोटी बाटली नसेल तर मूळ बाटलीचं झाकण लगेच लावा. बूच असेल तर वाईनकडे होतं तेच टोक पुन्हा आत घाला. बाटली आडवी ठेवू नका, आडवीत हवेशी भिडणारा पृष्ठभाग वाढतो. ही वाईनही फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते.

रेड वाईन फ्रीजमध्ये ठेवली म्हणून पुष्कळजण नाक मुरडतात. ती खोलीच्या तापमानाला प्यावी, असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. ती खोली युरोपातली, सोळा ते अठरा अंशांची. आपल्याकडे एप्रिलमध्ये दिवाणखान्यात त्याच्या दुप्पट तापमान असतं. तेव्हा बाटली फ्रीजमधून काढा, अर्धा तास बाहेर ठेवा आणि मग ओता. माझ्या घरी शनिवारी उघडलेली शिराझ मंगळवारी पिठलं-भाकरीबरोबर मी मनापासून चाखली आहे.

माझ्या लेखी सगळ्यात मोठा लाभ वेगळाच आहे. बाटली टिकते हे माहीत असलं की ती संपवायची घाई उरत नाही. एक पेला पुरे वाटला तर एकावर थांबता येतं, आणि पाहुण्याच्या नकाराचाही मान राहतो. वाईनचा आनंद त्या पहिल्या, सावकाश घेतलेल्या पेल्यात असतो. बळजबरीने ओतलेल्या तिसऱ्या पेल्याची चवही कुणाच्या लक्षात राहत नाही.

म्हणून एवढंच सांगणं आहे : पुढची बाटली उघडाल तेव्हा आधी छोटी बाटली भरा, मग पेले.