घटकांची यादी म्हणजे जन्मपत्रिका नव्हे

२०२४ च्या उन्हाळ्यात मेंदूतील रक्ताच्या गुठळीची चर्चा देशभर घरोघरी पोचली. निमित्त होते ब्रिटनमधील न्यायालयीन कागदपत्रांत उल्लेखिलेल्या, कोविशील्डशी निगडित अशा अत्यंत विरळ दुष्परिणामाचे. वाहिन्यांनी अनेक दिवस तो विषय लावून धरला. मात्र मेंदूच्या नीलांत गुठळी होण्याची जी कारणे या देशात रोज आढळतात, त्यांच्याविषयी अवाक्षरही निघाले नाही. रक्तक्षय, बाळंतपणानंतरचे निर्जलीकरण, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, कानाचा दुर्लक्षित संसर्ग, अतिमद्यपान, सणासाठी पाळी पुढे ढकलायला डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या संप्रेरकांच्या गोळ्या: यांपैकी कशातही सनसनाटी नाही, म्हणून बातमीही नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे आणि तो शिकलेल्यांच्या लेखनात आढळतो. रुग्ण बरा होणार की नाही, हे सांगणाऱ्या घटकांची यादी जणू विधिलिखित असल्यासारखी उद्धृत केली जाते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१ देशांतील ६२४ रुग्णांच्या अभ्यासातून ही यादी रूढ झाली: ३७ हून अधिक वय, पुरुष असणे, खोलवरच्या नीलांत गुठळी, दाखल होताना रक्तस्राव, बेशुद्धी किंवा भ्रमिष्टपणा, मेंदूचा संसर्ग, कर्करोग. त्याच अभ्यासात सुमारे ७९ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले. हा आकडा ऐकून सुस्कारा सोडणारे आणि ती यादी वाचून हात टेकणारे, दोघेही एकच चूक करतात. सहसंबंधाला ते नियती समजतात.

या यादीत दोन जातींचे घटक एकत्र बसवले आहेत. वय कोणालाही बदलता येत नाही. बेशुद्धी आणि रक्तस्राव या मात्र अनेकदा आजाराच्या पुढच्या पायऱ्या असतात. धमनी बंद पडली की पेशींचा पुरवठा तुटतो. नीला तुंबली की निचरा थांबतो. दाब मागे साठतो, ऊती सुजते, बारीक वाहिन्या फुटतात. परंतु सुजलेली ऊती म्हणजे मेलेली ऊती नव्हे. दाब वेळेत उतरला तर ती सावरते, आणि या पक्षाघातातून इतके रुग्ण बरे होतात त्याचे एक मोठे कारण हेच. म्हणूनच वेळ हा येथे कळीचा घटक आहे. वरील अभ्यासातच पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंतचा मध्यक काळ ७ दिवसांचा होता. ‘दाखल होताना बेशुद्ध’ ही नोंद रुग्णाच्या शरीराविषयी जितके सांगते, तितकेच कित्येकदा त्या दवडलेल्या दिवसांविषयीही सांगते.

लिंगाचेही तसेच. स्त्रिया अधिक बऱ्या होतात असे दिसते. परंतु गर्भारपण, बाळंतपण, संप्रेरके अशी तात्पुरती कारणे नसलेल्या स्त्रियांचे भवितव्य पुरुषांसारखेच असल्याचे त्याच माहितीच्या पुढील विश्लेषणात आढळले. म्हणजे फरक पडतो तो कारण दूर होते की नाही याने.

आता भारताकडे पाहावे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये मांडलेल्या ४२८ रुग्णांत निम्म्याहून अधिक पुरुष होते. हा केवळ बाळंतिणींचा आजार उरलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पुण्यात ४४१ पुरुषांच्या पाहणीत ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी आढळले, आणि ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन वाढलेले. बाळंतिणीला पाणी बेताचेच द्यावे ही समजूत अजूनही काही घरांत पाळली जाते. ही कारणे टाळता येण्याजोगी आहेत. त्यांना ‘घटक’ म्हणून तक्त्यात कोंबणे म्हणजे त्यांची जबाबदारी झटकणे होय.

प्रत्येक डोकेदुखीला नीलांचे चित्रण कसे करणार, असा आक्षेप घेतला जातो. तसे कोणी मागतही नाही. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत नव्याने सुरू होऊन वाढत जाणारी डोकेदुखी, सोबत उलट्या, अंधूक दृष्टी किंवा आकडी, इतके असताना साधा सीटी स्कॅन निर्दोष आला म्हणून रुग्णाला घरी पाठवू नये, एवढेच मागणे आहे. कारण साध्या सीटीत ही गुठळी अनेकदा दिसत नाही. निदान झाल्यावर उपाय हाताशी आहे. १९९१ मध्ये जर्मनीत २० रुग्णांवर झालेल्या चाचणीत हेपॅरिन मिळालेल्या दहांपैकी कोणीही दगावले नाही. न मिळालेल्या दहांपैकी तिघे दगावले. चाचणी लहान होती, परंतु मेंदूत रक्तस्राव असला तरी गुठळीविरोधी औषध द्यावे, ही दिशा पुढील मार्गदर्शक तत्त्वांनी कायम ठेवली.

आणि ‘पूर्ण बरा’ म्हणजे तरी काय? रूढ मापनश्रेणी स्वावलंबन मोजते. चालता-बोलता येणारी, पण डोकेदुखी, थकवा आणि विस्मरण यांमुळे परीक्षा किंवा नोकरी सोडावी लागलेली तरुण व्यक्ती तिच्या लेखी यशस्वी ठरू शकते. तिशीतल्या रुग्णांच्या आजारात हे माप अपुरे आहे.

भाकीत करणे हे विज्ञानाचे निम्मे काम. भाकितातले जे बदलता येते ते बदलणे, हे उरलेले निम्मे.