मुंगळ्यांना चाहूल कशी लागते?

पहिला पाऊस पडून गेला की मेहकर तालुक्यातल्या आमच्या अंगणात काळे मुंगळे नव्याने माती वर काढू लागतात. यंदा त्यांनी नेमकी पाण्याच्या रांजणाजवळची जागा धरली. रांजण सरकवायला आम्ही वाकलो, अजून हातही लावला नव्हता, तोच बिळातून मुंगळे भराभर वर आले. धाकट्याने विचारले, "अब्बू, आपण तर काहीच बोललो नाही. यांना कळले कसे?"

प्रश्न रास्त होता. मुंगीला आपल्यासारखे कान नसतात. हवेतला आवाज तिला फारसा कळत नाही, पण जमीन थरथरली की लगेच कळते. तिच्या सहाही पायांत, गुडघ्याच्या थोडे खाली, कंप टिपणारे इंद्रिय असते. आपले पाऊल पडले की बातमी मातीतूनच पोहोचते. शिवाय वाकून पाहणाऱ्याचा उच्छ्वासही अनेक जातींच्या मुंग्यांना चिथावतो.

मग एकीला कळलेले बाकीच्यांना कळते ते वासाने. मुंगळा पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्ल सोडतो. ते शत्रूवर हत्यार आणि आपल्यांना इशारा, दोन्ही कामांना येते. अमेरिकेतल्या दाणे वेचणाऱ्या मुंग्यांवर याचा बारकाईने अभ्यास झाला आहे. एका मुंगीने सोडलेला इशाऱ्याचा वास काही सेंटीमीटरच पसरतो आणि मिनिटाच्या आत विरतो. संकट खरे असेल तर दुसऱ्या मुंग्याही वास सोडतात आणि हाक पुढे जाते; नसेल तर गडबड तिथेच शमते. आपल्या गल्लीतल्या अफवांना ही सोय नाही! मुंगळ्यांच्या कुळातल्या, लाकडात राहणाऱ्या काही जाती तर जबडा आणि पोट आपटून आत ठोके पाठवतात. तेवढ्यात आतल्या मुंग्या पिल्ले उचलून खोल नेतात. आपण ज्यांना 'मुंग्यांची अंडी' म्हणतो, त्या बहुतेक अळ्या आणि कोष असतात.

हे सांगताना सूरह अन-नम्ल आठवणारच. हजरत सुलैमान (अ.स.) यांचे लष्कर येताना पाहून एका मुंगीने इतरांना घरात शिरायला सांगितले आणि लष्कर नकळत तुडवील, असेही म्हटले. विज्ञानाने हे आज सिद्ध केले, असे म्हणण्याची आम्हाला घाई नाही. पण त्या 'नकळत' शब्दापाशी आम्ही दर वेळी थांबतो.

शेजारच्या खाला उकळते पाणी ओतायला सांगत होत्या. धाकट्याला एक मुंगळा कडकडून चावलाही होता. पण एक मुंगी चावली म्हणून सारी वस्ती जाळणाऱ्या नबींना अल्लाहने बोल लावल्याची हदीस खालांनीच आम्हाला लहानपणी ऐकवली होती. ती आठवण करून दिली, तेव्हा त्या हसल्या आणि तपेले चुलीवरून उतरवले.

रांजण तीन हात पलीकडे नेला. मुंगळ्यांची घरात येणारी वाट साबणाच्या पाण्याने पुसली. वास गेला की रांग मोडते. असरच्या सुमारास बिळाच्या तोंडाशी ताजी माती दिसली. धाकटा आता पाणी प्यायला चवड्यांवर चालत जातो.