ऊर्णनाभाचें घर

मुंडकोपनिषदांत सृष्टीच्या उत्पत्तीस ऊर्णनाभाचा, म्हणजे कोळ्याचा, दृष्टान्त दिला आहे. तोच प्राणी युरोप-अमेरिकेंत कित्येक लोक हौसेनें पाळतात, हें ऐकून आमच्या वाचकभगिनी दचकतील! ब्रह्मदेश व थायलंड येथील, बीळ करून राहणारा निळा कोळी त्यांस विशेष प्रिय. त्याला पेटींत वीतभर तरी ओलसर माती द्यावी लागते. मग तो आंत शिरतो आणि धन्यासही त्याचें दर्शन दुर्मिळ होतें.

बिळांत राहणाऱ्या कोळ्यांस बीळ हेंच सर्वस्व. पश्चिम ऑस्ट्रेलियांत बार्बारा यॉर्क मेन या विदुषींनीं १९७४ सालीं झांकणाचीं बिळें करणाऱ्या कोळ्यांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. त्यांतील सोळाव्या क्रमांकाची मादी एकाच बिळांत ४३ वर्षें राहून २०१६ सालीं मरण पावली. अशा जिवास रानांतून खणून विकणें म्हणजे त्याचा संसारच मोडणें होय. तिकडील हौशी लोकांनीं पेटींत जन्मलेल्या पिलांवरच आपली हौस भागवावी.

आमच्या सह्याद्रीच्या दरडींतही असे मोठे कोळी बिळें करून राहतात. मुलांस तीं बिळें अवश्य दाखवावींत. आंत काडी मात्र घालूं देऊं नये.