मुलींची शाळा बांधायची तर

भोपाळच्या गोविंदपुरा भागात १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहू लागला. विजेची अवजड यंत्रे देशातच घडवायची होती. कारखान्याबरोबर वसाहत आली, रुंद रस्ते आले, शाळाही आल्या. शाळा घराजवळ आली, की मुलीच्या शिक्षणातला निम्मा अडथळा तिथेच दूर होतो.

मुलींना शिकवण्याची निकड भोपाळला नवी नव्हती. १८१९ ते १९२६ या काळात बहुतेक वर्षे इथे बेगमांचेच राज्य होते. त्यांतल्या सुलतान जहाँ बेगम स्त्रीशिक्षणाच्या खंद्या पुरस्कर्त्या. पुढे त्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या.

पुण्यात मात्र मुलींच्या शाळांना मिळेल ती जागा घ्यावी लागली. फुले दांपत्याची १८४८ची शाळा भिडे वाड्यात भरली. १८८४मध्ये सुरू झालेल्या मुलींच्या हायस्कूलला पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची जागा मिळाली आणि ‘हुजूरपागा’ हेच नाव रूढ झाले. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे पुण्याजवळच्या हिंगण्यातले स्त्रीशिक्षणाचे काम तर एका झोपडीतून वाढले.

तेव्हाची अडचण समजण्याजोगी होती. आज तशी सबब नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि कुंपण बंधनकारक केले. पण दाराला कडी नसेल, नळाला पाणी नसेल, तर पाळीच्या दिवसांत मुलगी घरीच राहते. म्हणून शाळेचा नकाशा मंजूर होण्यापूर्वी तो शिक्षिकांना आणि मोठ्या वर्गांतल्या मुलींना दाखवावा, आणि बांधकामाइतकीच ठोस तरतूद देखभालीसाठी व्हावी.