उधारीचा तक्ता आणि लाल रंग

कापडाच्या धंद्यात उधारी नवी नाही. माल आज जातो, पैसा तीस, साठ, कधी नव्वद दिवसांनी येतो, आणि तारीख टळली की दलालाच्या फेऱ्या सुरू होतात. पूर्वी मुनीमजी थकलेल्या पार्टीच्या नावापुढे लाल पेन्सिलीने फुली मारीत. त्या प्रत्येक फुलीचे कारण त्यांना तोंडपाठ असे. आता खतावणी संगणकावर गेली आणि फुलीची जागा एक्सेलच्या लाल रंगाने घेतली. हा रंग कशावरून चढतो, हे मात्र पेढीवर बसणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्हालाही नव्हते.

२०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या पेढीवर घडलेली गोष्ट सांगतो. वीस वर्षांचे आमचे एक गिऱ्हाईक शर्टिंगचे सहा तागे नेण्यास आले. तक्त्यात त्यांची ओळ लाल. गल्ल्यावरच्या पोराने चार माणसांदेखत सुनावले, "चाचा, आधीचा हिसाब चुकता करा, मग माल न्या." चाचांनी निमूटपणे खिशातून पावती काढली. पैसे बारा दिवसांपूर्वीच जमा झाले होते. माल न घेता, सलाम करून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या गावी जाऊन माफी मागितली.

चूक कोठे झाली? तक्त्यात डी रकान्यात मुदतीची तारीख आणि एफ रकान्यात बाकी रक्कम होती. नियम असा घातला होता की, बाकी शून्याहून जास्त असेल आणि तारीख आजच्या आधीची असेल तर सबंध ओळ लाल व्हावी. नियम बरोबरच होता. पण पैसे आल्यावर पोराने बाकीच्या रकान्यात शून्य न लिहिता 'चुकती' असा शब्द लिहिला. एक्सेलच्या हिशेबी कोणताही शब्द कोणत्याही आकड्याहून मोठाच असतो! म्हणजे 'चुकती' हा शब्दही शून्याहून जास्त ठरला आणि चाचा थकबाकीदार झाले.

मग आम्ही सगळा तक्ता तपासायला घेतला, तेव्हा उलट प्रकारही सापडला. काही तारखा मध्ये टिंबे देऊन लिहिल्या होत्या. आमच्या संगणकाने त्या तारखा न मानता शब्द मानल्या. शब्द आजच्या तारखेहून मोठा, म्हणून मुदत कधी टळतच नाही. खरे थकलेले दोघे महिनोन्‌महिने पांढरे राहिले होते.

आमचे मत असे की, हा नियम मालकाने स्वतः लिहावा, निदान स्वतः वाचावा. काम अवघड नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, इंग्रजी बेताचेच, तरी एका दुपारी जमले. ओळी निवडून होम पट्टीवरील कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये नवा नियम, त्यात सूत्राचा पर्याय. सूत्रात डी आणि एफ या अक्षरांआधी डॉलरचे चिन्ह हवे, ओळीच्या आकड्याआधी नको. ते विसरले तर शेजारचा खण शेजारचाच रकाना पाहतो आणि रंग भलतीकडे चढतो. शिवाय डेटा व्हॅलिडेशन लावून बाकीत फक्त आकडा आणि तारखेत फक्त तारीखच स्वीकारली जाईल असे करावे. (ही रंगाची सोय एक्सेलमध्ये १९९७ च्या आवृत्तीपासून आहे. तेव्हा तीनच अटी घालता येत, २००७ मध्ये ते बंधन गेले.)

काही व्यापारी बंधू म्हणतात, रंग हातानेच भरलेला बरा. आम्हाला हे पटत नाही. हाताने भरलेला रंग पैसे आल्यावर आपोआप उतरत नाही, आणि उतरवायला सवड कोणाला?

आपण ज्यांचे देणे लागतो त्यांचाही असाच तक्ता ठेवावा, कारण तिथे कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, नोंदणी केलेल्या छोट्या कारखानदाराचे पैसे लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरानेही दट्ट्या लावला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची मुदत टळलेली, वर्षअखेर न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येईना. यंत्रमागवाल्याकडून ग्रे कापड घेणाऱ्याने हे दिवस बिलाच्या नव्हे, माल स्वीकारल्याच्या तारखेपासून मोजावेत. आम्ही तीसाव्या दिवशी पिवळा आणि चाळीसाव्या दिवशी लाल रंग ठेवला आहे. करार नसलेल्यांसाठी दहाव्या दिवशीच लाल.

गल्ल्यावर आता एक रिवाज केला आहे. ओळ लाल दिसली तर पोराने आधी बँकेचा जमा-हिसाब पाहायचा, मग आत येऊन आम्हाला विचारायचे. गिऱ्हाइकासमोर एक शब्द काढायचा नाही.

चाचा पुढच्या हंगामाला आले, तागे नेले, पैसे रोख मोजून दिले. उधारीवर माल मात्र त्यांनी आमच्याकडून अजून घेतलेला नाही.