लाळेतील हार्मोन आणि आपले यष्टिमधु

सुमारे दोन वर्षांपूर्वी माझ्या उपचाराखाली असलेल्या एक शिक्षिका लाळतपासणीचा अहवाल घेऊन आल्या. दिवसभरात चार वेळा छोट्या नळ्यांत लाळ गोळा करायची, ती प्रयोगशाळेत पाठवायची आणि हार्मोनचे प्रमाण जाणून घ्यायचे, अशी ती घरबसल्या होणारी तपासणी. रात्रीच्या नमुन्यात कॉर्टिसॉल वाढलेले होते. पायांवर किंचित सूज होती, रक्तदाबही पूर्वीपेक्षा चढलेला होता. कुशिंग सिंड्रोमच्या शंकेने घरातील सारेच धास्तावले होते. मी त्यांना अंतःस्रावतज्ज्ञांकडे पाठविले. त्यांनी आरंभीच विचारले, "ज्येष्ठमध घेता का?" उत्तर माझ्याच चिठ्ठीत होते. अम्लपित्तासाठी यष्टिमधु चूर्ण, दिवसातून दोन वेळा, गेले तीन महिने.

चूर्ण थांबविले. काही आठवड्यांत रक्तदाब व सूज उतरली आणि फेरतपासणीत रात्रीचे कॉर्टिसॉल प्राकृत आले. जो प्रश्न मी विचारावयास हवा होता, तो दुसऱ्या शास्त्राच्या चिकित्सकाने विचारला, याची खंत आजही आहे. त्यातूनच हे चार शब्द लिहीत आहे.

यामागील कारण आपण सर्वांनी समजून घेण्याजोगे आहे. रक्तातील बहुतांश कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेले असते. लाळेत केवळ मुक्त अंश उतरतो. लालाग्रंथींमधील एक विकर त्यातील बऱ्याच भागाचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते. यष्टिमधुतील ग्लिसिऱ्हायझिन या विकराचा अवरोध करते. परिणामी शरीरात कॉर्टिसॉलचे उत्पादन वाढलेले नसतानाही लाळेत ते अधिक आढळते. वृक्कातही हेच विकर असते. तेथील अवरोधामुळे सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. म्हणजे एकाच द्रव्यामुळे तपासणीही फसते आणि लक्षणेही रोगाचा आभास निर्माण करतात.

लाळतपासणी त्याज्य आहे, असे मी म्हणणार नाही. कॉर्टिसॉल सकाळी जागे झाल्यानंतर उच्चांकी असते व मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी होते. कुशिंग सिंड्रोममध्ये रात्रीचा हा उतार नाहीसा होतो. म्हणूनच अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २००८ च्या मार्गदर्शिकेत रात्री उशिराच्या लाळेतील कॉर्टिसॉलला प्राथमिक चाचण्यांमध्ये स्थान दिले आणि ती किमान दोनदा करण्यास सांगितले. विशिष्ट शंका असताना, विशिष्ट वेळी केलेली ही चाचणी उपयुक्तच आहे. मात्र रात्रपाळी करणाऱ्यांत ती विश्वसनीय ठरत नाही. मशेरीने वा अन्य कारणाने हिरड्यांतून रक्त येत असल्यास, किंवा हाताला स्टेरॉइडचे मलम लागलेले असल्यास नमुना दूषित होतो.

आक्षेप आहे तो सरसकट वापरावर. थकवा, स्थौल्य, केस गळणे, रजोनिवृत्तीच्या तक्रारी अशा प्रत्येक रुग्णास हार्मोनचे 'पॅकेज' सुचविले जाते. लाळेतील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनच्या पातळीला जैविकदृष्ट्या अर्थ असल्याचा पुरावा नाही, असे अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ मध्येच नमूद केले होते. थायरॉइडच्या निदानासाठी रक्तातील टीएसएचच पाहावे लागते. 'अॅड्रीनल फटीग' या लोकप्रिय निदानाची अवस्था तर याहून वाईट आहे. २०१६ मध्ये ५८ अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संशोधकांना त्यास आधार आढळला नाही. या नावाखाली पांडु, थायरॉइडची न्यूनता किंवा मधुमेह दुर्लक्षित राहिला, तर त्याचे उत्तरदायित्व कोणाचे?

काही वैद्यमित्र म्हणतात, रुग्णाला आकडा दाखविला की त्याचा विश्वास बसतो. हे खरे आहे, आणि धोकाही नेमका तेथेच आहे. दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपल्या हाती आहे. त्यांतील प्रश्नपरीक्षा नीट झाली असती, तर माझ्या रुग्णाचे कित्येक दिवसांचे भय टळले असते. आकडा हा परीक्षेस पूरक असतो. तिची जागा तो घेऊ शकत नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. कोणतीही लाळतपासणी सुचविण्यापूर्वी वैद्यांनी 'मी नेमक्या कोणत्या शंकेचे निरसन करीत आहे?' हे केसपेपरवर लिहावे. रुग्ण ज्येष्ठमध, ते असलेली खोकल्याची औषधे व चघळण्याच्या गोळ्या, तंबाखू किंवा स्टेरॉइड घेतो का, याची नोंद करावी आणि ती प्रयोगशाळेस व तज्ज्ञास कळवावी. यष्टिमधु किती दिवस आधी थांबवावे, हे तज्ज्ञांशी बोलून ठरवावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही तपासणीचा संच देताना हाच प्रश्न विचारावा. तसेच दीर्घकाळ यष्टिमधु नेणाऱ्या ग्राहकास रक्तदाब तपासून घेण्यास सांगावे.

संचामागे मिळणाऱ्या दलालीविषयी वेगळे लिहीत नाही. ज्या तपासणीच्या निष्कर्षाने चिकित्सा बदलणार नाही, तिचे मूल्य रुग्णाकडून घेणे उचित आहे का, एवढेच प्रत्येकाने स्वतःला विचारावे. यष्टिमधु हे आपले श्रेष्ठ रसायन आहे. त्याचे गुण आपण अभिमानाने सांगतो. त्याची मर्यादाही आपल्याच मुखातून रुग्णास कळली पाहिजे.