सवलत जमिनीला, टोमणे भूमिहीनाला!

शिष्यवृत्तीचा विषय निघाला की आमच्या मुलांना 'सरकारचे जावई' हा टोमणा ऐकावा लागतो. तेव्हा सरकारी अनुदान म्हणजे काय आणि ते नेमके कोणाच्या दारात जाते, याचा हिशेब समाजाने मांडलाच पाहिजे.

वस्तूचा खरा खर्च आणि घेणाऱ्याने मोजलेली किंमत यांतील फरक सरकारने तिजोरीतून भरणे, म्हणजे अनुदान. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६७ रुपयांत मिळते. खर्च त्याच्या कितीतरी पट. वरची रक्कम केंद्र सरकार खत कंपनीला देते. महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल राज्य सरकार भरते. त्याचा वार्षिक बोजा १४ हजार ७६० कोटी रुपये धरला गेला.

म्हणजे जेवढी जमीन, तेवढ्या गोण्या. विहीर असेल तरच पंप. २०११ च्या जनगणनेत देशात अनुसूचित जाती १६.६ टक्के आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत त्यांच्याकडे वहितीचे क्षेत्र ९ टक्क्यांहूनही कमी आहे. ज्याच्या नावे सातबाराच नाही, त्याला ना युरिया, ना फुकट वीज. मात्र साबण, चप्पल, मोबाइलचे रिचार्ज घेताना तोही कर भरतो. तिजोरी त्याचीही आहे!

अल्पभूधारकाला मदत मिळालीच पाहिजे, त्याला आमचा विरोध नाही. प्रश्न भूमिहीनाच्या वाट्याचा आहे. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करण्याची योजना मांडली, ती याच प्रश्नाच्या मुळाशी जाऊन. राज्यात २००४ साली भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने योजना आली : चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. २०१८ पासून तिला १०० टक्के अनुदान आहे. पण सरकारी दरात जमीन विकायला मालक पुढे येत नाहीत आणि योजना कागदावर राहते.

उलट मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासाचे ३३५ कोटी 'लाडकी बहीण'कडे वळवले गेले. तिचा लाभ आमच्या भगिनींनाही मिळतो, हे खरे. पण सर्वांसाठीच्या योजनेचा खर्च सर्वसाधारण निधीतून व्हावा. वंचितांच्या राखीव ताटातून नव्हे.

आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी २०१३ साली या निधीसाठी कायदे केले. महाराष्ट्रातही निधी वळवण्यास बंदी घालणारा कडक कायदा झाला पाहिजे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला समाजाने हा एकच प्रश्न विचारावा : आमच्या हक्काचा पैसा कुठे गेला?